अंतर्गत कारभार

एलोजी, तू गेल्यापासून गावात तुझे मित्र फार वाढलेत. जिवंतपणी तुझ्या दवाखान्याच्या बाकड्यावर संध्याकाळी मी एकटा बसलेला असायचो. आता रस्त्यात कुणीही अडवतो आणि सांगतो, एलोजी म्हणजे आमचा अगदी जिव्हाळ्याचा माणूस. परवा एकानं मला, म्हणजे मला, सांगितलं की तू बसऱ्याच्या लढाईत कंपाउंडर होतास. मी म्हटलं, "असं? मला ठाऊक नव्हतं." तो खूश होऊन गेला. तू असतास तर म्हणाला असतास, "इब्राम, जीभ आवर." तू नाहीस, म्हणून मी आवरत नाही.

हे लिहून मला कुठं पाठवायचं नाही. तुझ्याशी भांडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, ती सवय माणूस पुरला म्हणून सुटत नाही. वखारीत बसलो तरी तोंडात तुझ्यासाठी उत्तरं तयार होत राहतात. ती कुणाला देऊ? माझ्या मचव्यांवरचे खलाशी बिचारे मान डोलावतात. मान डोलावणाऱ्याशी बोलून जीव उबगतो.

आपली गाठ पडली तीही कुणाच्या तरी तिरस्कारामुळेच. तुझ्या बापाचा चौलात तेलाचा घाणा, शनिवारी बंद, म्हणून लोक तुम्हाला शनवार तेली म्हणायचे. माझ्या बापाचे रेवदंड्याच्या खाडीत मचवे. मराठी शाळेत मास्तरांनी तुला इस्रायलाचा, म्हणजे ज्यूचा, म्हणून आणि मला मुसलमानाचा म्हणून भिंतीकडच्या एका पाटावर बसवलं, बाकीच्यांना आपला स्पर्श नको म्हणून. त्या मास्तरांचे माझ्यावर एवढेच उपकार आहेत, पण ते फार मोठे आहेत.

मागच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर गेलेला तू बसऱ्याहून परत आलास तेव्हा मी खिलाफतीत गळ्यापर्यंत बुडालो होतो. डोक्यावर चांदताऱ्याची टोपी घालून रेवदंड्याच्या बाजारात तुर्कस्तानच्या खलिफासाठी घसा फोडत होतो. तू नुकताच दवाखाना उघडला होतास. एकदा मला बाकड्यावर बसवलंस, पाणी दिलंस आणि म्हणालास, "ओरडतोस ते ठीक. पण ज्याच्यासाठी ओरडतोस त्याच्या राज्यात काय झालं, ते ऐकायचंय का?" मग त्या आर्मेनियन बाईची गोष्ट सांगितलीस.

ती ख्रिस्ती होती. तुर्कांनी त्यांची गावंच्या गावं उठवून वाळवंटातून हाकलत नेली होती. बगदादच्या बाजूच्या छावणीत ती कशीबशी पोचली, आणि तिचे पाय धुऊन पट्ट्या बांधायचं काम तुझ्याकडे आलं. पायाला कातडी उरलीच नव्हती, म्हणालास. ती रडली नाही. दुभाष्याकडून तिनं एवढंच विचारलं, "हा कुठला?" तू सांगितलंस, हिंदुस्थानचा. तेव्हा ती म्हणाली, "तिथं आमचं कुणाला ठाऊक आहे का?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मला काही सुचलं नाही. मी हो म्हटलं."

मी भडकलोच. म्हटलं, या सगळ्या इंग्रजानं उठवलेल्या गोष्टी आहेत. त्याला तुर्कस्तान तोडायचंय, म्हणून तिथल्या ख्रिस्त्यांसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पंजाबात त्यानं माणसं कोंडून गोळ्या घातल्या, तेव्हा कुठल्या देशानं त्याला जाब विचारला? ज्याच्या हातात तोफ तो न्यायाधीश, आणि ज्याच्या जमिनीत तेल तो आरोपी. असल्या न्यायाच्या तोंडावर मी थुंकतो.

तू बाटल्यांना बुचं लावत होतास. मान वर न करता म्हणालास, "इंग्रज खोटा असेल, इब्राम. ती बाई खोटी नव्हती."

त्या वाक्यावर मी पुढं वीस वर्षं तोडगा शोधला. आणि तरीही माझं म्हणणं मी सोडलं नाही. एका देशानं दुसऱ्या देशाचा न्याय करणं म्हणजे एका दरोडेखोरानं दुसऱ्याला चोरीबद्दल खडसावणं, असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, "म्हणजे न्याय करणारा स्वच्छ सापडेपर्यंत मार खाणाऱ्यानं मार खात राहायचं?" मी म्हणायचो, मार तो तसाही खाणारच. तू म्हणायचास, "पण गुपचूप कशाला?"

पुढं तुर्कांनी आपल्या हातानं खलिफाला गादीवरून उतरवलं आणि गाडीत बसवून देशाबाहेर घालवलं. बातमी आली त्या दिवशी माझ्या बिरादरीतलेसुद्धा माझ्याकडे बघून गालात हसत होते. तू दवाखाना बंद करून वखारीत आलास. मला वाटलं, आता हा वीसव्यांदा त्या आर्मेनियन बाईची गोष्ट काढणार. तू नारळाच्या ढिगावर बसलास आणि म्हणालास, "आज विषय नको." संध्याकाळची मगरीबची अजान होईपर्यंत नुसता बसून राहिलास. एलोजी, त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तेव्हा मानले असते तर आजारी समजून तू माझी नाडी बघितली असतीस.

मग जर्मनीच्या बातम्या यायला लागल्या. मुंबईची वर्तमानपत्रं बोटीनं एक दिवस उशिरा वाचनालयात यायची आणि तू ती उभ्याउभ्याच वाचायचास. ज्यूंच्या दुकानांवर पहारे, ज्यू डॉक्टरांना इस्पितळातून काढलं, ज्यू प्रोफेसरांना कॉलेजातून काढलं. तू चार ओळींचा ठराव लिहिलास: धर्मावरून आणि वंशावरून माणसांचा जो छळ जर्मनीत चालला आहे, त्याबद्दल चौलच्या वाचनालयाची ही सभा निषेध व्यक्त करते. औषधाच्या चिठ्ठीवर लिहावं तसं, एक शब्द जास्त नाही.

मी म्हटलं, "चौलच्या वाचनालयाची नापसंती कळली की बर्लिनमध्ये हाहाकार उडेल."

"नाही उडणार," तू म्हणालास. "पण उद्या कुणी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का, तर खरं उत्तर देता यावं."

त्या सभेची मला अजून किळस येते. अध्यक्ष अण्णासाहेब, वकील, सुपारीच्या तीन बागांचे मालक, शब्द असे तोलून टाकायचे की जणू प्रत्येक शब्दावर त्यांना फी मिळणार आहे. त्यांनी तुझा कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून परत वाचला आणि म्हणाले, "एलोजीराव, भावना समजते. परंतु हा परराष्ट्राचा अंतर्गत कारभार आहे. वाचनालयानं त्यात पडावं का?"

कोपऱ्यातला, अण्णासाहेबांचा नवा बी.ए. झालेला जावई म्हणाला, "आणि जर्मनीनं शिस्त कशी आणली ते पाहा. आपल्याला त्यापासून शिकण्यासारखं आहे." याला शिस्तीचं एवढं प्रेम, आणि सासऱ्याच्या घरी सकाळी नऊला उठतो.

मग आमचे हाजीशेठ. कौलांचे व्यापारी, माझ्याच जमातीचे, म्हणून त्यांच्याबद्दल मला जास्त हक्कानं बोलता येतं. ते म्हणाले, "पॅलेस्टाईनच्या मुसलमानांचं आधी बघा, मग आम्ही जर्मनीच्या ज्यूंचं बघू." पॅलेस्टाईनच्या माणसांबद्दल मलाही वाटायचं, तुलाही वाटायचं, त्यावर आपण कितीदा बोललो. पण या गृहस्थांनी त्याआधी पॅलेस्टाईनचं नाव जन्मात काढलं नव्हतं. एकाचा छळ झाकायला दुसऱ्याच्या छळाची चादर ओढायची, एवढाच त्यांना त्या देशाचा उपयोग.

तू शांतपणे म्हणालास, "शेठ, तुम्ही पॅलेस्टाईनचा ठराव लिहून आणा. मी पहिली सही करतो." हाजीशेठ छताकडे बघायला लागले.

तेव्हा अण्णासाहेबांच्या तोंडून खरं निघून गेलं. ते म्हणाले, "तुमच्या लक्षात येत नाही. आज आपण जर्मनीला विचारलं, तर उद्या कुणीही उपटसुंभ येऊन आपल्याला गावच्या तळ्याबद्दल विचारेल."

जिल्ह्यात काही वर्षांपूर्वी महारांनी तळ्यावर पाणी भरण्यावरून डोकी फुटली होती, आणि आपल्या गावच्या तळ्याच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवायचा नाही हे तर वाचनालयाच्या घटनेपेक्षा पक्कं होतं. तू म्हणालास, "विचारू दे की."

तेवढंच. तुझ्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्यांना ते जास्त लागलं.

ठरावाच्या बाजूनं दोन हात वर झाले, तुझा आणि माझा. नंतर वाचनालयाच्या कपाटांना हिरवा रंग द्यावा असा ठराव एकमतानं पास झाला. घरी येताना तू मला विचारलंस, "तुला तर ठराव पटत नव्हता, मग हात का वर केलास?"

"समोरचे त्याहून कमी पटत होते," मी म्हटलं. तू हसलास. आपल्या सगळ्या भांडणात मी तुला इतकं मोकळं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं.

त्यानंतर काही वर्षांनी तुझ्या मुंबईच्या पुतण्यानं एका जर्मन डॉक्टरला तुझ्याकडे आणून सोडलं. मोठा डोळ्यांचा सर्जन. त्याच्या गावातल्या इस्पितळानं तो ज्यू म्हणून त्याला काढलं, तो मुंबईत आला, तर तिथल्या डॉक्टरांना आपल्या धंद्यात परका नको होता. तू तुझी बाटल्यांची खोली त्याला दिलीस आणि स्वतः पडवीत औषधं कुटत बसलास. तुझ्या बायकोनं, सारबाईनं, पहिल्या दिवशी नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण वाढलं, तेव्हा तो दचकून तुझ्याकडे बघायला लागला. मांस आणि दूध एकत्र, तुमच्या धर्मात चालत नाही! तू नारळ फोडून दाखवलास तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरलो नाही. एवढ्या लांब येऊन, समुद्राकाठच्या या आडगावात, कुणीतरी तोच नियम पाळतंय, आणि तोही माडाच्या मदतीनं.

"वर बघा, खाली बघा, मिटू नका," एवढं मराठी तो आठवड्यात शिकला आणि तेवढ्यावर त्यानं सगळ्या किनाऱ्याचे डोळे तपासले. कोळणी, आगरी, थेट तळा-म्हसळ्याहून बैलगाडीनं आलेली माणसं. अण्णासाहेबांच्या आईचा मोतीबिंदू त्यानं काढला. म्हातारीनं पट्टी सुटल्यावर मुलाचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "अण्णा, किती रे म्हातारा झालास." अण्णासाहेबांनी डॉक्टरला नारळ आणि शाल दिली. जर्मनीचा अंतर्गत कारभार आपल्या आईच्या डोळ्याजवळ बसलाय, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

मी एकदा तुझ्याकडून डॉक्टरला विचारलं, इतर देशांनी तुमच्यासाठी बोलायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं का? तू त्याचं इंग्रजी मला मराठीत सांगत होतास. तो म्हणाला, "बोलले ना. फार छान बोलले. मी ते पेपरात वाचायचो, आणि मग त्याच देशांच्या वकिलातींच्या बाहेर रांगेत उभा राहायचो. माझा नंबर आला की खिडकी बंद व्हायची."

मी मांडीवर थाप मारली. "बघ! हेच मी म्हणत आलो. निषेध ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे. माणूस आत घ्यायला नको, भाकर द्यायला नको, नुसतं तोंड उघडलं की सभ्यपणाचा शिक्का मिळतो."

तू ते डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं नाहीस. मला म्हणालास, "आणि जे बोलले नाहीत, त्यांनी खिडकी उघडली का?"

एलोजी, असं मधेच बोलून तू माझ्या किती संध्याकाळी वाया घालवल्यास.

मग ही लढाई आली. इंग्लंडनं जर्मनीशी युद्ध पुकारलं. तू आनंदलास हे मी पाहिलं. तू म्हणालास, "शेवटी उभे राहिले." मी म्हटलं, ते पोलंडसाठी आणि स्वतःसाठी उभे राहिलेत, तुझ्या डॉक्टरसाठी नव्हे. आपलं ते भांडण पुरतं संपायच्या आत दवाखान्याच्या दारात फौजदार आला.

सोबत दोन शिपाई होते. माणूस वाईट नव्हता, त्याच्या सासूचेही डोळे डॉक्टरनं तपासले होते. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "साहेब, जर्मन लोकांना धरून नगरच्या छावणीत न्यायचंय. वरून हुकूम हाय."

तू मधे उभा राहिलास. "हा ज्यू आहे. जर्मनीनंच याला हाकललंय. तुम्ही ज्यांच्याशी लढताय, त्यांचा हा मारलेला माणूस."

"एलोजीशेठ, पासपोर्ट कुणाचा?"

"जर्मनीचा. पण..."

"मग झालं तर."

डॉक्टरनं हात धुतले होते आणि समोर एक कोळीण डोळ्याची पट्टी बदलायला बसली होती. त्यानं फौजदाराला विचारलं, पाच मिनिटं मिळतील का. फौजदार म्हणाला, मिळतील. त्यानं पट्टी बदलली, तिला "मिटू नका" म्हणाला आणि कोट घालून त्यांच्याबरोबर गेला. कोळीण दुसऱ्या दिवशी परत आली आणि ओट्यावर उभी राहून तुला विचारत होती, "आमचा डाक्टर कुठं न्हेला? त्यानं काय क्येलान?" उत्तर देण्यासारखं इंग्रजांनी काही ठेवलंच नव्हतं.

राष्ट्र राष्ट्र म्हणून आपण दोघं वीस वर्षं भांडलो. मी ते राष्ट्र त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं. त्यानं न्याय करायला लांब युरोपात सैन्य पाठवलं होतं, आणि त्याच आठवड्यात आपल्या दारातून नेमका तो माणूस उचलला, ज्याच्या नावानं तो न्याय चालला होता. एवढा निर्लज्जपणा एखाद्या माणसानं केला असता तर बायकोनं त्याला जेवायला वाढलं नसतं.

आणि मग दिवाळीच्या आधी वाचनालयाची सभा. या वेळी मामलेदारसाहेब खुर्चीवर होते, सरकारला लढाईत पाठिंबा हवा होता. अण्णासाहेब उभे राहिले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले: "धर्माच्या नावाखाली निरपराध प्रजेचा अमानुष छळ करणाऱ्या जर्मन सत्तेचा ही सभा तीव्र शब्दांत निषेध करते." तुझ्या चार ओळींपेक्षा त्यांच्या बारा ओळी होत्या. मामलेदार मान डोलावत होते. शिस्तवाल्या जावयानं दोन्ही हात वर केले. हाजीशेठ म्हणाले, "बराबर आहे, जुलूम तो जुलूम."

तू उभा राहिलास. मला वाटलं, तू आता सगळ्यांची लाज काढणार, आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. पण तू कुणाची लाज काढणाऱ्यांतला नव्हतास. तू म्हणालास, "माझी एक उपसूचना आहे. ठराव फार चांगला आहे. त्याला एवढंच जोडावं, की याच छळातून सुटून आपल्या गावात आलेल्या आणि सरकारनं नगरला नेलेल्या डॉक्टरांना सोडावं, अशी ही सभा सरकारला विनंती करते."

मी अनुमोदन दिलं. मोठ्यानं दिलं.

अण्णासाहेबांनी मामलेदारांकडे पाहिलं. मामलेदारांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग अण्णासाहेब म्हणाले, "उपसूचना गैरलागू आहे. तो सरकारचा अंतर्गत कारभार आहे."

एलोजी, मी त्या क्षणी हसलो. आख्ख्या सभेत मी एकटाच हसलो आणि सगळ्यांनी माझ्याकडे मी नमाजात ओरडल्यासारखं पाहिलं. तू हसला नाहीस. तू आपला कागद घडी करून खिशात ठेवलास आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केलास. त्यांच्या ठरावाच्या बाजूनं! बाहेर आल्यावर मी तुला गाढव म्हणालो. तू म्हणालास, "ठराव खरा आहे. वाचणारा खोटा आहे म्हणून मी खऱ्याला नाही कसं म्हणू?"

मग अलिबागच्या वाऱ्या सुरू झाल्या. तू अर्ज लिहिलास, परत लिहिलास. सर्व्हिस मोटारीत अंग आखडून बसून कलेक्टर कचेरीत जायचास. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला. पेटीच्या तळाशी टाकलेलं बसऱ्याचं पदक तू काढलंस, चिंचेनं घासलंस आणि कोटावर लावलंस. मला ते बघवेना. म्हटलं, "कारकुनांपुढं हे लावून उभा राहतोस? लाज वाटत नाही?"

"पदक त्यांनीच दिलंय," तू म्हणालास. "त्यांनाच दाखवतो. तुला कुठं दाखवतोय?"

शेवटच्या फेरीहून आलास तो छाती धरूनच उतरलास. दुपारची वेळ होती. सारबाईनं पाय चोळले, मी वारा घातला. दवाखानाभर औषधं, आणि देणारा नगरच्या तारांच्या आत. तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "इब्राम, तू आता म्हणशील, तूच जिंकलास."

मी म्हटलं, "गप्प पड."

माझ्याकडून तू ऐकलेले शेवटचे शब्द हे. दुसरे हजार शब्द होते. ते मी वखारीत, खाडीवर, मशिदीच्या पायरीवर अजून बोलत असतो. आणि खरंच, त्या घटकेला वादात मी जिंकलोच होतो. जिंकण्याची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

तुझी माती झाली. तुमच्या लोकांची हिब्रूतली दुआ मला कळत नाही, मी बाहेरच्या बाजूला उभं राहून आमची फातिहा म्हटली. दोन्हीकडून काही पोचलं असेल तर बघ.

सात दिवस उलटायच्या आत डॉक्टर परत आला. लाँचमधून रेवदंड्याच्या धक्क्यावर उतरला तेव्हा समोर मी होतो, माल चढवत होतो. तो हसून माझ्याकडे आला आणि मला सांगावं लागलं. तो नारळाच्या पोत्यावर बसला. मग त्यानं मोडक्या मराठीत आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की छावणीत एक अधिकारी एकेकाला बोलावून चौकशी करत होता. याची पाळी आली तेव्हा त्याच्या टेबलावर तुझा अर्ज होता. अधिकाऱ्यानं विचारलं, हा बसऱ्याला पदक मिळालेला कंपाउंडर तुमचा कोण? डॉक्टर म्हणाला, मी याच्या घरी राहतो. अधिकाऱ्यानं सही केली.

म्हणजे तुझा अर्ज पोचला, एलोजी. ज्या कागदांवर मी हसलो त्यांतला एक पोचला. सरकार नावाच्या त्या सगळ्या बेशरम पसाऱ्यात कुठंतरी एका टेबलाशी एक माणूस बसला होता आणि त्यानं तुझं वाचलं. आता यावर काय म्हणू? माझं मत मी बदललेलं नाही. राष्ट्रांच्या न्यायाबद्दल मला आजही काडीचा आदर नाही. पण हे मी तुझ्यासमोर म्हटलं असतं तर तू काहीतरी छोटंसं बोलला असतास, आणि ते काय असतं, हे मला शोधून सापडत नाही. रोज शोधतो.

काल संध्याकाळी वाचनालयाची मंडळी तुझ्या घरी आली. अण्णासाहेब पुढं, मागं हाजीशेठ, जावई. तुझ्यासाठी दुखवट्याचा ठराव केलाय म्हणे, जाड कागदावर, जांभळ्या शाईत. सारबाई चटईवर बसली होती, डॉक्टर आणि मी पडवीत. अण्णासाहेबांनी उभं राहून सगळा वाचला. त्यात तू मानवतेचा पुजारी होतास. त्यात तू मूक सेवक होतास. मूक! दोनदा बोलायला उभा राहिलास आणि दोनदा ज्यानं खाली बसवलं, तोच आता तू मूक होतास म्हणून तुझी तारीफ करत होता. मी उठणार होतो, डॉक्टरनं माझा दंड धरला.

वाचून झालं. अण्णासाहेबांनी कागद दोन्ही हातांनी सारबाईपुढं धरला. तुला ठाऊक आहे, परक्या पुरुषांपुढं तिनं कधी तोंड उघडलं नाही. तिनं पदर सारखा केला, कागदाकडे बघितलं, घेतला नाही.

"अण्णासाहेब," ती म्हणाली, "हा जर्मनीला धाडा. तुमचं ठराव तिकडंच लागू पडतात. इथं ह्याचं काय काम न्हाय."

अण्णासाहेबांचे हात तसेच पुढं राहिले, मग हळूच खाली आले. ते बाहेर पडले आणि अंगणात मला बाजूला घेऊन, आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "दुःखानं बाईंना काही सुचत नसेल, नाही?"

"नाही अण्णासाहेब," मी म्हटलं. "बाईंना सगळं सुचतंय."

तू असतास तर त्यांना परत आत बोलावून चहा दिला असतास. मी दार लावून घेतलं.